शेजाऱ्याच्या चार बंदुका

इथे अमेरिकेत आमचा शेजारी भला माणूस, पण घरात चार बंदुका. म्हणतो, "सरकारचा काय भरवसा?" खरं सांगू? मला हे अगदीच परकं वाटत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्या लोकांना परवान्याशिवाय शस्त्रबंदी केली, गोऱ्यांना मात्र सूट! पण ह्याची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, ठासणीच्या बंदुकांच्या काळातली. आज रणगाडे बाळगणारं सरकार ह्या चार बंदुकांना भिणार होय? २०१२ साली सॅंडी हुकच्या शाळेत २० मुलं गेली, ती सरकारच्या गोळ्यांनी नव्हे. सहा-सात वर्षांची होती.

माझी लेक पहिलीत आहे. शाळेत दिवे मालवून गप्प बसायचा सराव करून आली. विचारत होती, "बाबा, शिंक आली तर?"