आजी_ओवी_०३ सापडत नाही

मागच्या रविवारी सकाळी माजलगावहून मित्राचा फोन आला. आम्ही एका वर्गातले. मी पुण्यात कोड पाडतो, तो तिकडं लग्नांचं शूटिंग करतो. नेहमीसारखी शिवी नाही, काही नाही. थेट म्हणाला, "समदं गेलं रे. डिस्क टकटक करायलीय."

आपल्या जमातीतला कुणीही विचारेल तेच मी विचारलं. "बॅकअप?"

तो गप्प. ओशाळलो मात्र मी. कारण त्याच्याकडं एकच डिस्क आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं!

गेलं काय ते सांगतो. दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. या मागं राहिलेल्या घरावर तो लघुपट करत होता. तीन हंगाम. त्याची आजी, तिच्यापाशी ठेवलेली दोन नातवंडं आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. मेमरी कार्डं पुढच्या लग्नासाठी मोकळी करावी लागायची, म्हणून सगळं त्या एका डिस्कवर. आजी गेल्या वर्षी वारली.

एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल त्यानं मला मेल केली होती, "बघून सांग" म्हणून. ती उघडली. टाइमलाइन जशीच्या तशी, एकही कट हललेला नाही. पण प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त एवढंच असतं की कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची. चित्र आणि आवाज डिस्कवर. त्यामुळे पडद्यावर नुसतं लाल, आणि नावं. आजी_ओवी_०१. आजी_ओवी_०२. आजी_ओवी_०३. सगळीकडं 'मीडिया ऑफलाइन'.

त्यानं रात्रभर ती डिस्क चालू-बंद केली होती. पुण्यात दाखवली तेव्हा कळलं, आतल्या हेडनं तबकड्या खरवडून काढल्यात. (डिस्क टकटक करायला लागली की लगेच बंद करायची. पुन्हा चालू करून बघायची नाही. हेही त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.)

आता गावाकडं सगळे म्हणतायत, कॉम्प्युटरचा काय भरवसा! अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी बघा. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, त्यावर लिहिलेलं 'पंचीकरण', आणि चारशे वर्षं टिकलंय.

मला हे पटत नाही. पासोडी कापडामुळं टिकली नाही. कापड कसर खाते, पाणी कुजवतं. ती टिकली कारण पिढ्यान् पिढ्या कुणीतरी ती जपली. ज्या पोथ्या कुणी जपल्या नाहीत त्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

आणि कॉम्प्युटरवर टिकत नाही म्हणता? मग माजलगावचंच उदाहरण घ्या. १९९६ साली तिथल्या भीमनगरात बायांच्या ओव्या टेप झाल्या. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांचा तो प्रकल्प. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या त्यांनी गोळा केल्या. बर्नार्ड बेल या कॉम्प्युटरवाल्या माणसानं त्यांचा डेटाबेस उभा केला. पॉइटवां २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तरी २०१७ पासून 'पारी'वर त्या ओव्या कुणालाही ऐकता येतात. टेपवरून डेटाबेस, तिथून इंटरनेट. दरवेळी कुणीतरी कॉपी केली, म्हणून.

त्याच तालुक्यातली माझ्या मित्राची आजी मात्र गेली. कॉम्प्युटरमुळं नाही. तिला एक बर्नार्ड बेल मिळाला नाही. जो मिळायला हवा होता तो पुण्यात बसून कंपनीच्या डेटाबेसचा रिस्टोअर ड्रिल करत होता. दर तिमाहीला, चेकलिस्ट लावून!

मंडळी, राग आहे तो याचा. कंपनीचा लॉगसुद्धा तीन ठिकाणी ठेवणारे आपण, आपल्याच माणसांचं काम एका डिस्कच्या भरवशावर सोडतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी, हा नियम रुळवला तोही पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं. म्हणजे विषय आपल्या ऑफिसचा नाहीच, मित्रासारख्यांचाच आहे. फक्त त्यांच्यापर्यंत तो पोचवायचं काम आपलं होतं. ते आपण केलं नाही, आणि वर तोंड करून विचारतो, "बॅकअप?"

कुणी म्हणेल, आता क्लाउड आहे की. आहे. पण शेकडो जीबीचं फुटेज गावातल्या मोबाइल डेटावर चढवून बघा एकदा. आणि नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडं उडवलं की तिकडूनही उडतं.

तेव्हा यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा मिठाईसोबत एक रिकामी डिस्क न्या. नाटकवाला, शूटिंगवाला, गाणारा, लिहिणारा, जो कुणी ओळखीचा असेल त्याचं सगळं कॉपी करा. चार फाइली उघडून खात्री करा. डिस्क परत पुण्याला आणा, कपाटात ठेवा. झाली दुसऱ्या गावची प्रत. वीकेंडच्या ट्रिपला याहून जास्त खर्च होतो.

असो. मित्र म्हणतो, पुढच्या हंगामात पुन्हा शूट करू. करेलही. नातवंडं तेव्हा मोठी झालेली असतील, जातं कोपऱ्यात असेल. ती लाल टाइमलाइन मी अजून डिलीट केलेली नाही. तिच्या तीन प्रती केल्यात.