चित्र पळते, कारण ताल चुकतो



सुट्टी लागली की माळ्यावरचे खोके खाली उतरते. त्यात कुणाच्या मामूंनी आखातातून आणलेला जुना व्हिडिओ गेम असतो. मुले तो कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडतात आणि पडद्यावर फाटलेले, पळणारे चित्र येते, नाहीतर काहीच येत नाही. लगेच घरात निकाल लागतो, "बिघडलाय, भंगारात द्या." हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. गेमही ठीक असतो आणि मॉनिटरही. दोघांचा ताल जुळलेला नसतो.

वर्गातले श्रुतलेखन आठवा, उर्दूत ज्याला आपण इमला म्हणतो. शिक्षक मजकूर सांगतात आणि मधेच "पुढची ओळ", "पान उलटा" असेही सांगतात. जुन्या टीव्हीचे तसेच असते. चित्र एकेक ओळ करून वरून खाली रेखाटले जाते. ओळ संपली की एक इशारा येतो, पान संपले की दुसरा. या इशाऱ्यांना सिंक म्हणतात. ओळीचा इशारा हुकला तर चित्र तिरके फाटते. पानाचा हुकला तर चित्र वर किंवा खाली सरकत राहते. जुन्या टीव्हीच्या मागे 'व्ही-होल्ड'चे बटण असायचे, ते अब्बा फिरवत बसायचे ते याचसाठी. चित्र स्थिर आहे पण रंग नाहीत, तर दोष सिंकचा नाही. तिथे पाल आणि एनटीएससी या रंगपद्धतींचा मेळ बसलेला नसतो.

जोडणीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न वेगाचा. आपल्याकडची पाल पद्धत 625 ओळींची, सेकंदाला 50 वेळा पडदा रंगवणारी. जपान-अमेरिकेची एनटीएससी 525 ओळींची, सुमारे 60 वेळांची. तरी दोन्हींत सेकंदाला साधारण पावणेसोळा हजार ओळीच येतात, आणि जुने गेम याच वेगाने चालतात. कॉम्प्युटरचा व्हीजीए मॉनिटर 1987 पासूनचा. त्याला किमान साडेएकतीस हजार ओळी लागतात, म्हणजे बरोबर दुप्पट. दुप्पट वेगाने लिहिणाऱ्याला संथ इमला कळत नाही. म्हणून नुसती पिन बदलणारी वायर इथे निरुपयोगी आहे. प्रत्येक ओळ दोनदा देणारा किंवा चित्र नव्याने मांडणारा कन्व्हर्टर हवा. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "हा वेग बदलतो की फक्त पिन?" पैसे वाया जातात ते इथेच.

दुसरा प्रश्न वाटेचा. काही गेम दोन्ही इशारे एकत्र करून एकाच तारेतून पाठवतात, काही ते चित्रातच मिसळतात. व्हीजीए मॉनिटरला मात्र दोन्ही सहसा वेगवेगळ्या तारांतून लागतात. मिसळलेल्यातून इशारे वेगळे काढायला एलएम1881 सारखी छोटी चिप वापरतात. पण ती इशारे निवडते, वेग वाढवत नाही.

तिसरा प्रश्न जोराचा. चित्रात मिसळलेला सिंक जेमतेम 0.3 व्होल्टचा असतो, तर काही यंत्रांतून वेगळा येणारा सिंक 5 व्होल्टपर्यंत जातो. तो थेट टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटला देऊ नये, मधे योग्य रेझिस्टर हवा. सुपर निन्टेंडोचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूळ जपानी आणि अमेरिकी यंत्राच्या ज्या पिनवर सिंक मिळतो, त्याच पिनवर युरोपी यंत्रात 12 व्होल्ट असतात. टीव्हीला "आता गेम दाखव" असे सांगण्यासाठी ते दिलेले असतात. प्लग दोन्हीकडे सारखाच बसतो. म्हणून प्लग बसला म्हणजे केबल योग्य, असे समजू नये. यंत्राच्या खालची चिठ्ठी वाचावी आणि त्याच देशाची केबल घ्यावी.

घरात अजून पिवळ्या खाचेचा जुना टीव्ही असेल तर आधी त्यालाच गेम जोडून पाहा. तो याच वेगासाठी बनलेला आहे. मेन्यूत 'कलर सिस्टीम' ऑटोवर ठेवा. एवढ्याने बऱ्याच घरांतले काम खर्चाशिवाय होते.

अम्मी-अब्बांना एक सांगणे. मुलांना केबल जोडू द्या, कारण शोधू द्या, पण जुन्या टीव्हीचे मागचे झाकण उघडू देऊ नका. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजारांहून अधिक व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातला काही भार शिल्लक राहू शकतो. आतले काम जाणत्या मेकॅनिकचेच. बाहेरून मात्र मुलांना एवढे विचारा, "चित्र सरकतंय, फाटतंय की नुसते रंग गेलेत?" उत्तर त्यांनीच शोधले, तर भौतिकशास्त्राचा एक धडा घरातच होऊन जातो आणि चांगली वस्तू भंगारात जायची वाचते.