माएस्त्रो आणि मेस्त्री



तुमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी पाठ घ्यायला येतात ना? हातात रंगीत तक्ते, टाचणवही. आणि मागच्या बाकावर त्यांचेच सर गुण द्यायला बसलेले! त्यातून नवे गुरुजी घाटावरचे आणि शाळा मालवणकडची असली, की गंमतच. त्यांनी विचारावं, "समजलं का?" आणि पहिल्या बाकावरून उत्तर यावं, "गुरुजी, माका कळूक नाय!" पाठ राहतो बाजूला, आधी गुरुजीच मालवणी शिकतात.

आता कल्पना करा. देश परका, भाषा परकी आणि विषय असा की समोरच्यांच्या कितीतरी पिढ्या त्यातच मुरलेल्या. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांच्यावर अशीच वेळ आली होती, बरं का.

खानखोजे क्रांतिकारक. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले आणि तिथेच गदर चळवळीत सामील झाले. मग काय, इंग्रजांच्या राज्यात घरी परतणं कठीणच! १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले. तिथली भाषा स्पॅनिश. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. त्यांचं मोठं काम मक्यावर. पण मक्याचं माहेरच मेक्सिको! हजारो वर्षं मका पिकवणाऱ्यांना मक्याबद्दल सांगायचं, म्हणजे आपल्या रापणकरांना रापण ओढायला शिकवण्यासारखंच की!

तिथे तेओसिंते नावाचं रानगवत उगवतं. तेच मक्याचं पूर्वज. खानखोजे यांनी त्याचा मक्याशी संकर करून पाहिला. शिवाय गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावागावांत मुक्त शेतकी शाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या एका भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. चित्राचं नाव 'आपली भाकरी'. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला.

आता एक शब्दांची गंमत. मेक्सिकोत मिरचीला म्हणतात 'चिले'. मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. नाहीतर मालवणी मसाला लाल कशाने झाला असता? आणि शाळेतल्या गुरुजींना तिथे म्हणतात 'माएस्त्रो'. याच शब्दाच्या पोर्तुगीज भावावरून आपला 'मेस्त्री' आला. म्हणजे फळ्यावर लिहिणारे गुरुजी आणि रंधा मारणारा मेस्त्री, शब्दांच्या घरात सख्खे चुलत भाऊ!

पण आपण मेस्त्रीला गुरू मानतो का? फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होडी बांधणारे मेस्त्री आपल्या किनाऱ्यावर कमी होत चालले. कुठलं लाकूड घ्यावं, फळी कशी वाकवावी, सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून काय करावं, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. क्रमिक पुस्तकात यातलं काही नाही. हात थांबले की विद्याही थांबली.

म्हणून या रविवारी एक काम करा. आईबाबांना घेऊन जवळच्या मेस्त्रीकाकांकडे जा. जाळं विणणारे आजोबा असले तरी चालतील. त्यांना म्हणा, "काका, माका शिकवा." कळलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. आणि जे शिकाल ते वहीत तारीख घालून, चित्र काढून लिहून ठेवा.

पहिलं पान आम्हाला नक्की पाठवा हं!