गडगडणारा धूर

दिवाळी अंकात फराळाच्या खालोखाल प्रवासाला मान असतो. तेव्हा वाचकहो, यंदा आमच्या जालनेकर मंडळींना घेऊन आम्ही थेट आफ्रिकेत निघालो आहोत, आणि तेही पाणी पाहायला! ‘जालना सोने का पालना’ असे लोक म्हणत आले. परंतु या पाळण्याची पाण्याची दोरी तोकडी. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागल्या, हे कोण विसरेल? अशा मुलखातल्या माणसाने धबधबा पाहावा तर तो व्हिक्टोरियाचाच.

झांबिया आणि झिंबाब्वे या देशांच्या सीमेवरून झांबेझी नदी बेटांना वळसे घालीत संथपणे येते. पुढे काही घडणार आहे याचा तिच्या चालीवरून पत्ताही लागत नाही. आणि एकाएकी पात्राच्या आडवी जमीन चिरलेली! सुमारे १७०० मीटर रुंदीची ती सबंध नदी १०८ मीटरपर्यंत खोल असलेल्या त्या फटीत कोसळते. नायगाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट ही उंची. बाहेर पडायला वाट मात्र एकच, जेमतेम ११० मीटर रुंद. एवढे पाणी एवढ्याशा दारातून निघायचे म्हणजे काय धुमश्चक्री उडत असेल! तुषारांचा लोट आकाशात चढतो, तो कित्येक किलोमीटरांवरून दिसतो. म्हणून तिकडची माणसे या धबधब्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे ‘गडगडणारा धूर’ म्हणतात. १६ नोव्हेंबर १८५५ रोजी लिव्हिंग्स्टनने तो पाहिला आणि आपल्या राणीचे नाव त्याला देऊन टाकले. आम्हांस विचाराल तर जुने नावच शतपटीने सरस.

आता जालनेकरांनी कान टवकारावेत. ज्या दगडावरून ही नदी उडी घेते तो आपल्याच जातीचा, विहीर खणताना सुरुंग लावायला भाग पाडणारा काळा कातळ! लाव्हारसाचा थिजलेला. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तिकडचा अठरा कोटींचा. म्हणजे थोरला भाऊच म्हणा. त्या कातळातल्या भेगांत मऊ खडक भरलेला होता. नदीने तो खरवडून काढला, एक फट सोडून मागची दुसरी फट धरली, आणि अशी ती हजारो वर्षे मागे सरकत आली. खालच्या नागमोडी घळी या तिच्या जुन्या धबधब्यांच्याच जागा होत.

दगड तोच, आणि पाऊस? तोही आपल्यासारखाच! धबधब्याच्या परिसरात वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, जालन्यातही तेवढाच. मग कुंडलिका कोरडी का पडते आणि झांबेझी का नाही? कारण झांबेझी परक्या पावसावर जगते. तिच्यात पाणी आणणारा वरचा मुलूख आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे, आणि तिथे पाऊसही जास्त. शिवाय ते पाणी धावत सुटत नाही. वाटेतल्या विस्तीर्ण पूरमैदानांत पसरते, आठवडेच्या आठवडे रेंगाळते. धबधब्यावरचा पाऊस मार्चमध्ये आटोपतो आणि नदीला खरा पूर येतो एप्रिलमध्ये! आपल्याकडे उघड्या माळावर पडलेली सर चार तासांत ओढ्यातून निघून जाते.

ऐन दिवाळीत मात्र हा राजाही कृश असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कातळच दिसतो. २०१९ च्या दुष्काळात तर ती छायाचित्रे जगभर गाजली. पण फटीचा तळ पाहायचा तर हेच दिवस. एप्रिलमध्ये समोर धबधबा असून तुषारांपायी दिसत नाही, वर माणूस नखशिखान्त भिजतो तो वेगळाच. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, पौर्णिमेच्या रात्री, चांदण्याचे इंद्रधनुष्य उमटते.

ज्यांना आफ्रिका परवडत नाही (आम्ही त्यांतलेच) त्यांनी भोकरदन, सिल्लोड करीत अजिंठा गाठावा. लेण्यांच्या घळीच्या टोकाशी वाघूर नदी सात कुंडांतून उतरते. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून पायऱ्या झाल्या आहेत. शास्त्रज्ञ आपल्या कातळाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलेला. जावे ते श्रावणात. मुलांना चित्रे दाखवून झाली की त्या पायऱ्याही मोजायला लावाव्यात.