मेलेली चिलापी ओढ्यात टाकू नका

पाऊस तोंडावर आला आहे. येत्या काही आठवड्यांत मत्स्यबीजाच्या गाड्या गावोगाव फिरतील. पिशव्यांतली बोटुकली शेततळ्यांत, गावतळ्यांत आणि धरणातल्या पिंजऱ्यांत सुटेल. म्हणून हात जोडून आत्ताच सांगतो आहे. एकदा बीज पाण्यात पडलं की सांगून फारसा उपयोग नाही.

चिलापीला एक विषाणू लागतो. शास्त्रज्ञ त्याला तिलापिया लेक व्हायरस म्हणतात. इस्रायलमध्ये 2009 पासून तळ्यांतली आणि गालील सरोवरातलीही चिलापी मरू लागली. मरणामागे नवा विषाणू आहे हे 2014 साली जगासमोर आलं. त्या सरोवरातल्या एका महत्त्वाच्या जातीची वर्षाची पकड 2005 मध्ये 316 टन होती, 2009 मध्ये ती 8 टनांवर आली. सगळी घट या विषाणूनेच केली असं कोणी छातीठोक सांगणार नाही, पण त्या पाण्यावर घर चालवणाऱ्या कोळ्याला आकडा तोच. पुढे इक्वेडोर, कोलंबिया, इजिप्त, थायलंड अशी नावं यादीत आली आणि 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सगळ्या देशांना सावध केलं. 2018 मध्ये आपल्या देशातून पहिली नोंद झाली, पश्चिम बंगाल आणि केरळमधून. तिथल्या मत्स्यशेतांवर 85 टक्क्यांच्या वर मासे मेले.

बंगाल लांब आहे असं म्हणू नका. आपल्याकडे बीज मोठ्या प्रमाणावर परराज्यांतूनच येतं, आणि विषाणूला त्याच पिशवीतून येता येतं.

भिगवणच्या लिलावात ज्यांनी चिलापीचे ढीग पाहिले आहेत, त्यांना उजनी धरणाचं वेगळं सांगायला नको. भीमेच्या या फुगवट्यात जाळं टाकणाऱ्याची रोजची मजुरी बरीचशी चिलापीवर आहे. शेततळं स्वतःचं असतं, तिथलं नुकसान मालकाचं. पण शेततळ्याचं जादा पाणी ओढ्यात जातं, ओढा नदीला मिळतो आणि नदी धरणात येते. तिथल्या मच्छीमाराने ना ते बीज विकत घेतलं, ना कुठला करार केला. त्याच्या जाळ्यात मेलेला मासा आला तर त्याने कोणाकडे बोट दाखवायचं?

कोळंबीवाल्यांनी हे भोगलं आहे. 1994 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला. रोगट तळ्याचं पाणी खाडीत सोडलं जायचं आणि त्याच खाडीतून शेजारचा आपल्या तळ्यात पाणी घ्यायचा. एकाने घाईने तळं रिकामं केलं की रोग पुढच्या दहा जणांच्या दारात.

म्हणून पहिली विनंती तळेवाल्यांना. मासे मरू लागले की माणूस दोन गोष्टी करतो. मेलेले ओढ्यात टाकतो आणि उरलेले त्या रात्रीत गाडीत भरतो. गावात बोभाटा नको, भाव पडायला नको, ही भीती मला कळते. कर्ज काढून खाद्य आणलेल्या माणसाला उपदेश करणं सोपं असतं. तरीही सांगतो, रोग लपवणं हेच त्याचं वाहन आहे. मेलेले मासे पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. तळ्याचं पाणी बाहेर सोडू नका. त्या तळ्यातलं जाळं, टब, बादल्या दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका. न्यायचंच असेल तर धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात वाळवून मगच न्या.

ओळखायचं कसं? पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि लहानमोठे एकदम मरत असतील, तर बहुधा पाण्यात ऑक्सिजन कमी पडला आहे. विषाणूचं मरण वेगळं असतं. आज पाच, उद्या वीस, परवा शंभर. मासा खाद्याला तोंड लावत नाही, अंग काळवंडतं, कातडी सोलवटते, डोळा धुरकट होतो किंवा बाहेर येतो. नवीन बीज सोडल्यावर महिन्याभराच्या आत असं होऊ लागलं, आणि त्याच तळ्यातले रोहू-कटला मात्र ठणठणीत असले, तर संशय घ्याच.

त्या वेळी दुकानातून औषधाची बाटली आणू नका. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. पैसे जातात आणि पाणी बिघडतं ते वेगळंच. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. केंद्र सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे ॲप 2023 पासून आहे, त्यावरही कळवता येतं. कुजून फुगलेला मासा तपासणीच्या कामाचा नाही. मरायला टेकलेला किंवा नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून द्या. करोनात आपली जी पीसीआर तपासणी झाली, तीच माशाचीही होते.

बीज विकणाऱ्यांनो, गाडी कुठल्या केंद्रातून आली हे लिहून द्या. घेणाऱ्यांनीही ते मागा, आणि स्वस्त पडतं म्हणून विनापरवाना बीज घेऊ नका.

घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांनाही एक सांगणं. कंटाळा आला म्हणून गोल्डफिश नदीत सोडू नका. शोभेच्या माशांचे विषाणू वेगळे, पण नदीत उतरायची वाट हीच. जपानमध्ये 2003 साली कोय आणि कार्प माशांमध्ये नागिणीच्या कुळातला एक विषाणू शिरला आणि पुढच्याच वर्षी बिवा सरोवरात एक लाखाहून अधिक जंगली कार्प मेले.

मासे खाणाऱ्यांनी घाबरू नये. चिलापीचा हा विषाणू माणसाला होत नाही. ताजा मासा घ्या, नीट शिजवा, खा. अफवेने बाजार पडला तर तळेवाला पुढच्या वेळी आणखीच लपवेल.

सरकारकडेही मागणी आहे. रोग कळवणाऱ्याला भरपाई द्या, आणि तीही त्याच हंगामात. बर्ड फ्लूमध्ये कोंबड्या माराव्या लागतात तेव्हा भरपाई मिळते. माशांच्या बाबतीत कळवणाऱ्याच्या हाती फक्त बदनामी येत असेल, तर कोण कशाला कळवेल?

मच्छीमार संस्थांच्या चेअरमननी या महिन्याच्या बैठकीत एकच ठराव घ्यावा: बाहेरून आलेलं बीज दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत किंवा छोट्या तळ्यात राहील, रोज मेलेले मासे मोजून वहीत लिहिले जातील आणि ती वही पाहिल्याशिवाय एकही बोटुकली धरणात सुटणार नाही.