रक्त आमचे, रिपोर्ट कुणाचा?

सध्या आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'चा बाजार जोरात आहे. वर्तमानपत्राची घडी उघडावी तर आतून प्रयोगशाळेचे पत्रक पडते. रिक्षाच्या पाठीवर, बसथांब्यावर, मोबाईलच्या पडद्यावर एकच हाक ऐकू येते: 'फुल बॉडी चेकअप, सत्तर-ऐंशी तपासण्या, घरी येऊन रक्त नेऊ, निम्म्या किमतीत!' सोबत आहाराचा तक्ता फुकट. तुमचे रक्त पाहून तुमचे जेवण ठरवून देऊ, असे सांगितले जाते. ही हाक आता दादर-कोथरूडपुरती राहिलेली नाही. ती आमच्या वस्त्यांतही पोहोचली आहे. कंत्राटी सफाई कामगार, धुणीभांडी करणारी भगिनी, नुकतीच नोकरी लागलेला आमचा तरुण, हे सारे आता या पॅकेजचे गिऱ्हाईक झाले आहेत.

दुसरीकडे वेगळेच चित्र आहे. चौदा एप्रिल आला, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की वस्तीत आरोग्य शिबिर भरते. बोटाला सुई टोचतात, 'बाई, रक्त कमी आहे' म्हणतात, हातावर लाल गोळ्यांचे पाकीट ठेवतात. कागद मिळत नाही. नाव वहीत जाते आणि वही गाडीत जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच बोट, तीच सुई, तीच गोळी.

एका बाजूला गरज नसताना ऐंशी तपासण्या आणि दुसऱ्या बाजूला गरज असताना एकही धड तपासणी नाही, या कात्रीत आमचा समाज सापडला आहे. रक्त तपासून आहार ठरवणे हा विज्ञानाचा मार्ग आहे. तो आपण स्वीकारलाच पाहिजे. पण तपासणी कोणती करायची, तिचा कागद कुणाच्या हातात राहणार आणि त्या कागदाप्रमाणे ताट बदलण्याची ताकद कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आपण दंड पुढे करू नये, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न तपासणीचा. पॅकेजमधल्या 'ऐंशी तपासण्या' म्हणजे काय? 'सीबीसी' ही रक्तपेशींची एकच तपासणी असते. तिच्यात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे वीसेक आकडे येतात. बाजारवाले त्या प्रत्येक आकड्याला एक तपासणी म्हणून मोजतात. यकृताची तपासणी एक, आकडे दहा-बारा. अशी बेरीज करून ऐंशी होतात.

त्याहून मोठी गोम पुढे आहे. रिपोर्टमध्ये शेजारी जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव जण तिच्या आत बसतील अशा हिशेबाने ठरवलेली असते. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता प्रत्येक तपासणीत ५ टक्के असते. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर काहीही आजार नसताना किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर पोहोचते. हे साधे गणित आहे. त्या एका ठळक छापलेल्या आकड्यावर पुढची तपासणी, पुढची पावडर आणि पुढची गोळी विकली जाते.

'ड' जीवनसत्त्वाचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी प्रौढांची सरसकट 'ड' जीवनसत्त्व तपासणी करू नये असे सांगितले. आमच्याकडे ती पॅकेजची शोभा आहे. रक्तातील आयजीजी पाहून 'तुम्हाला कोणते अन्न चालत नाही' हे सांगणाऱ्या महागड्या तपासणीबद्दल तर युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट केले, की त्या आकड्यावरून अन्न वर्ज्य करू नये. ते अन्न आपण खातो, एवढेच तो आकडा सांगतो. आधीच चार जिन्नस असलेल्या ताटातून आणखी दोन काढून घेण्यासाठी आम्ही पैसे का मोजावेत?

मग आमच्या कामाची तपासणी कोणती? याचे उत्तर आकडेवारीतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते ५४.२ टक्क्यांवर गेले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयी! यात आमच्या भगिनींचा वाटा किती असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण याच आकड्यात तपासणीचाही धडा आहे. त्या सर्वेक्षणात बोटाचे रक्त घेतले होते आणि पाच वर्षांखालील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी निघाली होती. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा १ ते ४ वयोगटात हे प्रमाण ४१ टक्के आले. वर्षे वेगळी, वयोगटही थोडे वेगळे. तरीही एवढी तफावत रक्त घेण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवते. बोट दाबून रक्त काढले की त्यात पेशीबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा बिघडतो. तेव्हा शिबिरातली सुई ही फक्त चाळणी आहे. निदान करायचे तर शिरेतल्या रक्ताची सीबीसी झाली पाहिजे.

सीबीसी स्वस्त आहे आणि ती बोलते. हिमोग्लोबिन कमी असून पेशी आकाराने लहान असतील तर लोह कमी असण्याची किंवा थॅलेसेमियाची शंका येते. पेशी मोठ्या असतील तर 'बी-१२' किंवा फॉलिक ॲसिडकडे पाहावे लागते. क्षयरोग, जंत, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव ही कारणे आणखी वेगळी. 'रक्त कमी आहे' हे लक्षण झाले. त्यामागची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणाचे जेवण वेगळे असते. सर्वांना एकच लाल गोळी देऊन सरकारचे उद्दिष्ट पुरे होईल, माणसाचे रक्त भरेलच असे नाही.

विदर्भातील आमच्या बांधवांना तर हे जास्तच लागू आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात आदिवासींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. भारतात हा विकार १९५२ मध्ये नोंदवला गेला आणि मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली शोधनिबंध आला. म्हणजे साठहून अधिक वर्षे शास्त्राला हे ठाऊक आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम मात्र सुरू झाली ती १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोलमधून. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, पण भर आदिवासी भागांवर. आदिवासी बांधवांचा तो हक्कच आहे. आमचा प्रश्न एवढाच, की रक्तातला दोष जर जातीचा दाखला विचारत नाही, तर मोहिमेने नागपूरच्या झोपडपट्टीतल्या बौद्ध मुलाला का वगळावे? त्याच्याही दारात ती मोहीम आली पाहिजे.

सिकलसेल आणि आहार यांचा थेट संबंध आहे. रुग्णाच्या पेशी लवकर तुटतात, नव्या बनवाव्या लागतात, म्हणून फॉलिक ॲसिड लागते. पाणी कमी पडले की दुखणे उसळते, म्हणून उन्हाळ्यात, कामावर, शाळेत पाण्याची बाटली औषधाइतकीच महत्त्वाची. लोहाचे मात्र जपून. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठत जाते. म्हणून सिकलसेल रुग्णाने फेरिटीन तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लोहाची गोळी घ्यावी. नुसता वाहक असेल आणि लोह कमी असेल, तर त्याला गोळी चालते. हा फरक ओळखायचा कसा? सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'सिकल आहे' एवढे सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या तपासणीवर थांबू नका.

आणखी एक सावधगिरी. मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीए१सी' ही तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेल रुग्णात पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. पॅकेजवाल्याचा संगणक हे विचारत नाही. तो आकडा पाहून आहाराचा तक्ता छापून देतो. अशा माणसाने उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासलेली बरी.

आता पोषणयुक्त तांदळाचा इतिहास पाहा. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतून लोहमिश्रित तांदूळच दिला जाईल. त्या वेळी नियमांत अशा अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल व थॅलेसेमिया रुग्णांसाठी इशारा छापणे बंधनकारक होते. पण रेशनचा तांदूळ पोत्यातून मापाने मिळतो. पाकीट आम्ही पाहणार कुठे? प्रकरण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे समितीच्या अहवालाचा आधार घेऊन, तांदळातले लोह अल्प आहे, त्याने अपाय होत नाही, असे सांगत सरकारने २०२४ मध्ये तो इशाराच काढून टाकला. शास्त्र तसे सांगत असेल तर ते मान्य करू. पण ज्याच्या ताटात हे वाढले जाते त्याचे रक्त आधी तपासावे, असे एकाही अधिकाऱ्याला का वाटले नाही?

दुसरा प्रश्न कागदाचा, आणि येथे कायदा आमच्या बाजूने आहे. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले. तरीही गल्लीबोळांत सहीचे शिक्के मारून रिपोर्ट निघतात. कारण २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही आणि १९४९ चा राज्याचा कायदा शुश्रूषागृहांसाठी आहे. स्वतंत्र प्रयोगशाळा त्यातून निसटतात. 'एनएबीएल'ची मान्यता ऐच्छिक आहे. म्हणून रिपोर्ट हाती येताच सही आणि नोंदणी क्रमांक पाहा. डॉक्टरांकडे मागितलेली वैद्यकीय नोंद ७२ तासांत देणे २००२ च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ च्या शांता खटल्यापासून ठरलेले आहे. शिबिर घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे: ज्याचे रक्त घेतले त्याच्या हातात, त्याला वाचता येईल अशा मराठीत, त्याचा कागद गेला पाहिजे.

आणि पैसे तरी का द्यावेत? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केल्याचे सरकारने जाहीर केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने नेऊन तपासणारी 'महालॅब' २०१७ मध्ये सुरू झाली. पॅकेजवाल्याला फोन करण्याआधी आरोग्य केंद्राची पायरी चढा. 'मशीन बंद आहे' म्हटले तर तसे लेखी मागा. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

तिसरा प्रश्न ताटाचा. समजा तपासणी झाली, कागद मिळाला, त्यावर 'बी-१२ कमी' असे लिहिले. आता खायचे काय? 'बी-१२' अंडी, मांस, मासे आणि दुधातून मिळते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, त्यात यातले काहीच नाही. शाळेत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद करून 'लोकवर्गणीतून द्या' असे सांगितले. ज्या शाळेत आमची मुले शिकतात तिथे वर्गणी देणार कोण? मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि गरिबांचे स्वस्त लोह व 'बी-१२' ताटातून गेले. म्हणजे व्यवस्था एका हाताने आमचे रक्त तपासते आणि दुसऱ्या हाताने ते भरून काढणारे अन्न काढून घेते!

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने जनतेचा पोषणस्तर उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. ही कलमे न्यायालयातून थेट बजावता येत नसली तरी राज्यकारभारात ती मूलभूत आहेत, हे घटनेतच लिहिले आहे. त्या कर्तव्याचा पुरावा म्हणजे आमच्या हातातला रिपोर्ट. एका घरचा रिपोर्ट ही खासगी बाब असते. शंभर घरांनी स्वेच्छेने, नावे वगळून आकडे एकत्र केले तर ते निवेदन होते, ग्रामसभेचा ठराव होतो आणि वेळ आली तर जनहित याचिकेचे परिशिष्टही होते.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. घरातल्या प्रत्येकाची सीबीसी एकदा करून घेऊ. विदर्भातील मुलामुलींची सिकलसेल तपासणी लग्नाच्या बोलणीआधी करू. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे दोघांना आधीच कळले पाहिजे. त्यासाठी कुणाला नाकारू नये, लपवूही नये. चहा जेवणासोबत न घेता तासाभराने घेऊ, भाजीवर लिंबू पिळू, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागेल. आणि विहारात एक फाईल ठेवण्याऐवजी प्रत्येक घरात प्रत्येकाची एक फाईल ठेवू. शिकलेल्या मुलीने आईचा रिपोर्ट आईला वाचून दाखवावा. पुढच्या जयंतीला शिबिराची गाडी वस्तीत येईल तेव्हा दंड पुढे करण्याआधी प्रत्येक बाईने विचारावे: माझा कागद मला कधी मिळणार?