‘लाइकली’ म्हणजे ‘होणारच’ नव्हे



चाकण-खेड-मावळ भागात आता एकाच घरात दोन धंदे नांदतात. थोरला कांदा पाहतो, धाकटा भोसरीला नाहीतर चाकणला कारखान्यात पाळीवर जातो. हवामानाचा इशारा असो की साहेबाचे पत्र, त्यात एक इंग्रजी शब्द हमखास भेटतो : ‘लाइकली’.

त्याचा अर्थ ‘बहुधा’. घडण्याकडे कल आहे, पण खात्री नाही. ‘मे’ आला तर ‘कदाचित’ समजा, ‘विल’ आला तर ‘होईल’. ‘लाइकली’ या दोहोंच्या मधला. वाक्यात तो असा येतो : ‘इट इज लाइकली टू रेन’, म्हणजे बहुधा पाऊस येईल. उलटा शब्द ‘अनलाइकली’, बहुधा न होणारे. आपण मराठीत मात्र कदाचित काय नि बहुधा काय, सगळ्यालाच ‘शक्यता आहे’ म्हणून मोकळे होतो. घोटाळा तिथेच होतो.

आता गंमत पाहा. भारतीय हवामान विभागाने या शब्दाला माप ठरवून दिले आहे. २५ ते ५० टक्के संभव असेल तर ‘लाइकली’, ५० ते ७५ असेल तर ‘व्हेरी लाइकली’, त्याहून वर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे त्यांचा नुसता ‘लाइकली’ बोलण्यातल्या ‘बहुधा’पेक्षा हलका. उलट हवामानबदलावरच्या आयपीसीसी या जागतिक मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे निदान ६६ टक्के. शब्द एक, मापे दोन. तेव्हा शब्द कोणाचा आहे, हे आधी पाहावे.

मग वागावे कसे? काढलेला कांदा वावरात सुकत पडला आहे आणि ‘रेन लाइकली’ असे आले, तर ताडपत्री टाकाच. पाऊस न आला तर दोन तासांची मेहनत गेली. आला आणि कांदा उघडा असला, तर हंगाम गेला.

पण मुलाच्या पत्रात ‘लाइकली टू बी कन्फर्म्ड’ असेल, तर कायम झाल्याचे पेढे वाटू नका. तेवढ्या शब्दावर घराचे कर्ज काढू नका. कायम केल्याचा कागद हाती येऊ द्या.

जमिनीचेही तसेच. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-खेडकडे होणार, अशी चर्चा कित्येक वर्षे चालली. २०१६ साली जागा ठरली ती पुरंदरची! नुसत्या ‘होणार म्हणतात’वर ज्याने चढ्या भावाने जमीन घेतली असेल, त्याचा हिशेब त्यालाच ठाऊक.

थोडक्यात, ‘लाइकली’वर पीक झाकावे, कर्ज काढू नये.

पुढच्या अंकात ‘सब्जेक्ट टू’ हे शब्द पाहू. नेमणुकीच्या पत्रात तेही दबा धरून बसलेले असतात.